कोंबड्याची कॅसेट आणि तुमचं भाषण

निमोणे, ता. शिरूर
गुरुवार

ती. आबा,

दोन्ही गायींच्या धारा काढून झाल्या होत्या. वैष्णवी कॅन घेऊन डेअरीवर गेली होती. शेणाची शेवटची पाटी उकिरड्यावर उपडी करून मी हात धुतले, कुट्टी मशिनचं बटण दाबलं आणि कडब्याची पहिली पेंढी आत सरकवते न सरकवते तोच तुमची पांढरी गाडी गोठ्यापुढं येऊन उभी राहिली. रविवार होता. मी मशिन बंद केलं, पदर नीट केला, तुम्हाला बाजेवर बसवलं, चहा टाकला. तुम्ही बशीत ओतून प्यायलात, आलं बरं पडलंय म्हणालात, धाकट्या गायीच्या पाठीवरून हात फिरवलात आणि उठता उठता, जसं काही आत्ताच आठवलं असं दाखवून म्हणालात, "सिंधू, ती कोंबड्याची कॅसेट दे बरं. बुरशी धरली आसंल तिला. दौंडात एक जण हाय, साफ करून देतो." मी ट्रॅक्टरवरच्या टेपमधून ती काढली, पदरानं पुसली आणि माझ्या हातानं तुमच्या हातात दिली. त्याला आज अठरा दिवस झाले. अठरा दिवसांत दोन रविवार कोरडे गेले. बुरशी साफ करायला किती दिवस लागतात, आबा? गेल्या वर्षी घरावरचा सगळा पत्रा बदलायला तीन लागले होते.

नमस्कार मागं राहिला, तो आता घालते. तुम्हाला आणि सोजरा आक्कांना वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरता ना? आक्का शुगरची गोळी जेवणाआधी घेतात की नेहमीसारखी आठवण झाली की घेतात? आम्ही दोघी बऱ्या आहोत. कांदा काढून झाला. मोठी गाय आटत आलीय. एवढी चौकशी झाली म्हणजे आता भांडायला हरकत नाही.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोन तुम्ही उचलत नाही. मी केला की तुमच्याकडची ती सनई शेवटपर्यंत वाजते आणि बंद पडते. (लग्नाघरी लागावी तसली सनई सत्तरीच्या माणसानं फोनला लावू नये, हे माझं मत. तुम्ही विचारलेलं नाही.) आणि दुसरं कारण, समोर असता तर मी डोक्यावर पदर घेऊन 'बरं' म्हणाले असते, जशी त्या रविवारी म्हणाले. कागदापुढं पदर घ्यावा लागत नाही. मी दुसरीतून शाळा सोडली हे तुम्हीच माझ्या सोयरिकीच्या बैठकीत मोठ्यानं सांगितलं होतं. पुढचं वाचन मी बियाण्याच्या पिशव्यांवर शिकले, मग खताच्या पोत्यांवर, मग हे घरी आणायचे त्या पेपरावर. आता गावच्या वाचनालयातली दोन कपाटं माझी वाचून झालीत. तिसऱ्याची किल्ली हरवलीय, नाहीतर तेही झालं असतं. तेव्हा हे पत्र मी कुणाकडून लिहून घेतलंय असा संशय घेऊ नका. यातला राग सगळा माझा आहे.

तुम्ही म्हणाल, एका जुन्या कॅसेटसाठी केवढं हे. म्हणून मुळापासून सांगते. यातलं बरंच तुमच्या डोळ्यांदेखत झालंय, पण तुम्हाला सोयीपुरतं आठवतं.

ह्यांच्या दहाव्याला घोडनदीच्या काठावर पिंड ठेवला तेव्हा बाभळीवर सात कावळे होते. मी मोजले होते. सातातला एकही खाली उतरेना. थोरला भाऊ म्हणून तुम्ही पुढं झालात आणि हात जोडून म्हणालात, "ज्ञानदेवा, वैष्णवीच्या लग्नाची काळजी करू नको, मी हाय." कावळा नाही. "बांधाचं भांडण मी मिटवतो." कावळा नाही. मग तुम्ही विहिरीची मोटार, गोठ्याचा पत्रा, समाजमंदिराचं राहिलेलं काम, एकेक करत सगळं अंगावर घेतलं. अर्धा तास तुम्ही बोलत होता आणि कावळे एकमेकांकडं बघत होते. गुरुजींना पुढं तळेगाव ढमढेऱ्याला दुसरं दहावं होतं, ते घड्याळ बघायला लागले. दर्भाचा कावळा करून लावू म्हणाले. तेव्हा मला राहवलं नाही. बायकांमधून मी मोठ्यानं म्हणाले, "तुमची ती कॅसेट मी टाकणार न्हाई. दर रविवारी ऐकीन. दोन्ही बाजू. सबंध." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत मोठा कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला. सगळं गाव बघत होतं. कावळ्यानं तुमचं ऐकलं नाही आणि माझं ऐकलं, हे तुम्हाला लागलंय, ते मला त्याच दिवशी कळलं होतं. जेवताना तुम्ही बुंदी घेतली नाहीत.

आता कॅसेटविषयी. रांजणगावच्या एमआयडीसीत हे फिटर असताना एक इंग्लंडचा साहेब मशिन बसवायला तीन महिने आला होता. त्याला आपल्या डब्यातलं पिठलं फार आवडायचं. रोज दोन भाकरी मी जास्त करायचे आणि त्या कुणाच्या पोटात जातात ते मला महिनाभरानं कळलं. जाताना त्यानं ह्यांना ही कॅसेट दिली. वर हिरव्या स्कूटरवर बसलेला एक तुऱ्याचा कोंबडा आहे, म्हणून आमच्या घरात ती कोंबड्याची कॅसेट. तिकडं ती जुनी आणि नावाजलेली समजतात, असं साहेब म्हणाला होता. या ठेक्याच्या गाण्यांना फंक म्हणतात आणि त्यातूनच पुढं ॲसिड जाझ निघालं. ॲसिड म्हणजे मला ट्रॅक्टरच्या बॅटरीतलं माहीत. ह्यांनी साहेबाला विचारून खात्री केली होती की ते नुसतं नाव आहे, त्यात कुणाला इजा होत नाही. मला मात्र व्हायची. संसाराची पंचवीस वर्षं मी दर आठ दिवसांनी ती कॅसेट विहिरीत टाकायची धमकी दिली. हे आवाज एवढा एवढा कमी करायचे आणि पायाचा अंगठा हलवत राहायचे. घरातला टू-इन-वन मेल्यावर ट्रॅक्टरला टेप बसवून घेतला तो केवळ या एका कॅसेटसाठी. नांगरट चालली की पाच एकर रानाला कळायचं.

तर दहाव्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी शेडमध्ये गेले, ट्रॅक्टरच्या सीटवर बसले, किल्ली एक घर फिरवली आणि कानात बोटं घालून दोन्ही बाजू ऐकल्या. (ऐकीन म्हणाले होते. कान उघडे ठेवीन असं म्हणाले नव्हते.) दुसऱ्या रविवारी मेथी निवडायला घेऊन बसले, त्यामुळं बोटं घालता येईनात. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं की मी काडी मोडतेय ती ठोक्यावर मोडतेय. मला स्वतःचा राग आला. माणूस जाऊन महिना झाला नाही आणि आपण ट्रॅक्टरवर बसून मान हलवतोय. पण राग आला तरी मान थांबेना.

यात करमणुकीचं काय आहे ते तुम्हाला सांगते, कारण तुम्ही त्याला 'परदेशी धिंगाणा' म्हणाला होतात आणि ते आता मला फार लागतं. त्यात सगळा भार पहिल्या ठोक्यावर असतो. पुढचे ठोके कुठंही हुंदडून येऊ देत, पहिल्याला सगळ्यांनी घरी हजर राहायचं. पितळी वाजंत्री वाजवणारे तिघं आहेत. ते मध्येच एकदम हाक मारतात आणि लगेच गप्प होतात, जशा बायका बांधावरून हाक मारतात आणि उत्तराची वाट न बघता खाली वाकतात. एक पेटीसारखं काहीतरी आहे, ते पाण्यात बुडवून वाजवल्यासारखं लागतं. एक गिटार कोकरू दूध ओढतं तशी चुटूचुटू बोलते. आणि या सगळ्यांच्या खाली जाड तारांची एक गिटार आहे. ती कधी पुढं येत नाही, मिरवत नाही. पण पहिल्या बाजूच्या चौथ्या गाण्यात ती थोडा वेळ थांबते, आणि तेवढ्यात आढ्याखालचा खांबच कुणी काढून घेतल्यासारखं होतं. तुमच्या आई अशा होत्या. त्या माहेरी गेल्या की चार दिवसांत तुम्ही सगळे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद व्हायचात, हे तुम्हाला आठवत असेल.

आतल्या कागदावर वाजवणाऱ्यांची नावं आहेत. इंग्रजी अक्षरं मी लावते, अर्थ वैष्णवी सांगते. नऊ जणांची नावं आहेत आणि त्यातल्या एकाच्या नावापुढं फक्त 'टाळ्या' असं लिहिलंय. त्या माणसानं दुसरं काही केलेलं नाही, टाळ्या वाजवल्या, आणि त्याचं नाव छापलंय. आपल्या समाजमंदिराला सबंध वस्तीनं वाळू वाहिली, बायकांनी पाणी मारलं, ह्यांनी खिडक्यांचे गज फुकट वेल्डिंग करून दिले, आणि दारातल्या फरशीवर नाव एकट्या पोपटरावांचं, म्हणजे तुमचं. मी त्या कागदाकडं बघून दोन दिवस धुसफुसत होते.

गावाला अर्थात वेगळंच दिसलं. शेजारच्या तानुबाईंनी वस्तीभर केलं की सिंधूच्या डोक्यावर परिणाम झालाय, विधवा बाई रविवारी ट्रॅक्टरवर बसून इंग्रजी ऐकती. अंगारा घेऊन आल्या. "काय गं हे? ना देवाचं, ना लग्नाचं. कोन गेल्यावर आसलं लावत्यात का?" मी म्हटलं, बसा. माझ्यावर लक्ष ठेवायला म्हणून त्या पोत्यावर बसल्या. दुसऱ्या गाण्याला त्यांची हनुवटी हलायला लागली. मी बघितलं तसं म्हणाल्या, "बघू नको. मान आखडलीया माझी, म्हणून हलवतीया." त्यांची मान तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता आखडते.

इथपर्यंत सगळं बरं होतं. माझी तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. तिथं तिसरं गाणं सुरू होतं, म्हणजे व्हायला लागतं. एक टिचकी वाजते. एकच. मग 'खट्' असा आवाज येतो आणि तुम्ही बोलायला लागता.

विसरला असाल तर आठवण देते. पंचायतीच्या निवडणुकीला तुम्ही उभे होता तेव्हाची गोष्ट. सभेआधी स्वतःचं भाषण स्वतः ऐकून बघावं अशी तुम्हाला हौस आली. कोरी कॅसेट शिरूरला मिळत होती, पण तुम्हाला त्याच दिवशी हवी होती. घरात हरिपाठाच्या दोन, लग्नगीतांची एक आणि ही एक. देवाच्या पुसायच्या नाहीत, लग्नाच्या पुसायच्या नाहीत, मग तुम्ही ह्यांना म्हणालात, "ह्या परदेशी धिंगाण्याचं काय हाय येवढं?" भरलेली कॅसेट सहजासहजी पुसता येऊ नये म्हणून तिच्या कडेला दोन भोकं असतात. ती ह्यांनी स्वतःच्या हातानं चिकटपट्टीनं बुजवून दिली. टू-इन-वनही शेडमध्ये नेऊन लावून दिला. थोरल्या भावापुढं हे कधी बोललेच नाहीत. तेव्हा मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं, तेवढाच दंगा कमी.

अकरा मिनिटं आहेत, आबा. दर रविवारी अकरा मिनिटं. आधी तुम्ही "बंधू आणि भगिनींनो" म्हणता, खाकरता, मग "भगिनी आणि बंधूंनो" म्हणून बघता, मग पहिलंच बरं होतं असं स्वतःशी ठरवता. मग "निमोण्याच्या या, या," आणि कागद उलटल्याचा आवाज, "या पावन भूमीत." मग "सोजरा, पानी आण गं." घोटांचा आवाज. मग वस्तीचा रस्ता सहा महिन्यांत. (तुम्ही अकरा मतांनी पडलात, तेव्हा रस्त्याचा दोष तुम्हाला देत नाही. मिनिटाला एक मत, असं मी दर रविवारी मनात म्हणते.) आणि या सगळ्याच्या मागं कुणीतरी लोखंडावर सारखं ठोकत असतं. कोण ते कळतं, कारण मध्येच तुम्ही ओरडता, "ज्ञानू, ठोकाठोक बंद कर. भाषान चाललंय, दिसत न्हाई व्हय?" ठोकणं थांबतं. आणि जरा वेळानं परत सुरू होतं, हळू आवाजात. मला वाटायचं, ट्रॅक्टरचं काम चाललंय.

दिवाळीनंतर वैष्णवीनं त्यातला दीड मिनिटाचा तुकडा मोबाइलवर उतरवला. तुमचं "बंधू आणि भगिनींनो", मागं ती ठोकाठोक, मग "पानी आण गं". तिनं त्याच्यावर एक नाचणारा कोंबडा घातला. ते कसं कोण जाणे तुमच्या दौंडच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर पोचलं, आणि सकाळी फिरायला गेल्यावर शंकररावांनी तुम्हाला मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं, "पोपटराव, पानी आनू का?" हे मला आक्कांकडून कळलं. संघाच्या अध्यक्षपदासाठी तुम्ही त्याच आठवड्यात अर्ज भरला होता हेही कळलं. मग तुम्हाला अचानक बुरशीची काळजी वाटली.

आता सांगा, मी काय चुकीचं बोलतेय? गाणं माझ्या नवऱ्याचं होतं. पुसलं तुम्ही. पुसून त्यावर बसलात तुम्ही. अकरा मिनिटं मी दर रविवारी मुकाट ऐकते आणि पुढच्या अर्ध्या गाण्यापासून परत धरते. आणि एवढं करून कॅसेटही तुम्हीच उचलून न्यायची? वैष्णवीनं फोन केला तेव्हा तिचा मात्र तुम्ही उचललात, आणि काय म्हणालात? "आगं, मोबाइलवर सगळं मिळतं आता. आईला म्हनावं, त्याच्यावर ऐक. पुसलेलं गानं पन मिळंल." वर उपकार.

कॅसेट गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मी नाही म्हणाले. कावळ्याला मोबाइल कबूल केला नव्हता. पण तो रविवार सुना गेला. तानुबाई अकरा वाजता येऊन मान चोळत परत गेल्या, आणि मला सोमवारी दिवसभर असं वाटत राहिलं की गॅसवर काहीतरी ठेवून विसरलेय. दुसऱ्या रविवारी वैष्णवीनं मोबाइल ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवला आणि शोधून लावलं. खरंच सगळं होतं. स्वच्छ, धुतल्यासारखं. दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं संपलं. टिचकी वाजली. सवयीनं मी तुमची वाट बघितली. तुम्ही आला नाहीत. दुसरी टिचकी वाजली, तिसरी, आणि मग ते गाणं सुरू झालं, जे पुसल्यापासून या घरात वाजलं नव्हतं आणि त्याआधी मी कधी धड ऐकलं नव्हतं.

आबा, मी ते आधी ओळखलं नाही. माझ्या हातांनी ओळखलं. मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली आणि हात मडगार्डवर आपोआप पडायला लागला. पहिला जोरात, मग दोन जवळजवळ, मग एक उशिरा. चाळीस रविवार मी तेच ऐकलं होतं, तुमच्या भाषणाच्या मागं. हे ट्रॅक्टर दुरुस्त करत नव्हते. तुम्ही त्यांचं गाणं पुसत होता आणि हे तिथंच शेडमध्ये उभं राहून, पाना हातात घेऊन, तेच गाणं मडगार्डवर वाजवत होते. तुम्ही गप्प बस म्हणालात म्हणून थांबले. नीट ऐकलंत तर कळेल, थांबले तेही मोजून. गाण्यातही त्याच जागी सगळे थांबतात.

वैष्णवीला वाटलं मला चक्कर आलीय. तानुबाई पाणी आणायला धावल्या. मी दोघींना गप्प बसवलं आणि ते गाणं परत लाव म्हणाले. मग परत. तुमच्यावर इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. फरशीवरच्या नावाच्या वेळीसुद्धा नाही. मोबाइलवर गाणं आहे, सगळ्या जगाला मिळतं. ह्यांचं ठोकणं नाही. ते एकाच ठिकाणी आहे आणि ती जागा सध्या तुमच्या खिशात आहे.

तेव्हा कॅसेट परत द्यावी. वर्षश्राद्धाला दोन महिने राहिलेत आणि मी नदीवर बोललेला शब्द तुमच्यामुळं मोडतोय. त्या दिवशी पिंड ठेवल्यावर कावळा आला नाही तर मी गुरुजींना आणि जमलेल्या सगळ्या पाहुण्यांना त्याचं कारण नावानिशी सांगेन. मला भाषण करायला तालीम लागत नाही.

आक्कांना जपा. गुडघ्याला शेकत जा.

तुमची धाकटी भावजय,
सिंधू

ता. क. वैष्णवीला रागावू नका. तो तुकडा तिनं केला हे खरं, पण तुमच्या ग्रुपवर तो कसा पोचला कोण जाणे, असं मी वर लिहिलंय ते खरं नाही. मी तो आक्कांना पाठवला. मला वाटलं, त्या जरा हसतील, गोळ्या खाऊन कंटाळल्या असतील. आक्कांनी तो तुमच्या फोनवरून तुमच्या संघाला पाठवला. पाठवताना त्यांचा हात चुकला असं त्या म्हणतात. हसत म्हणतात. हे मी सांगितलं असं त्यांना सांगू नका, आणि सांगितलंत तर मी नाकबूल करेन.

आणखी एक ता. क. (हा शनिवारी लिहितेय.) गुरुवारी संध्याकाळी पाकीट चिकटवलं आणि तासाभरात आक्कांचाच फोन आला, म्हणून ते परत उघडावं लागलं. त्यांनी सांगितलं की तुम्ही बिनविरोध अध्यक्ष झालात. अभिनंदन. अर्ज मागं घेताना शंकरराव म्हणाले म्हणे, एवढं हसवणारा माणूस संघाला पाहिजे. पण दुसरं जे त्यांनी सांगितलं ते ऐकून माझ्या वरच्या पानांतला बराचसा राग फुकट गेला आणि आता एवढं सगळं परत कोण लिहिणार, म्हणून ते तसंच ठेवलंय. "आगं, त्यांनी न्हाई लपवली ती. घरात वाजवायला काय हाय का आमच्याकडं? रोज धा वाजता खिशात घालून स्टेशनाजवळच्या त्या मिक्सर दुरुस्तीवाल्याकडं जात्यात. त्याच्याकडं जुना टेप हाय. तिथं स्टुलावर बसून तेवढंच ऐकत्यात. गिऱ्हाईक आलं की त्याला सांगत्यात, मागं वाजतंय ना, त्यो माझा भाऊ." असं आक्का म्हणाल्या.

तर आता कॅसेट टपालानं पाठवू नका, कुरिअरनं नको, कुणाच्या हाती नको. येत्या नाही, त्यापुढच्या रविवारी तुम्ही स्वतः घेऊन या. अकराच्या आत या. कॅसेट हे एक निमित्त आहे. त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही दोघंच होता. मी आत भाकरी करत होते आणि दंगा बंद झाला म्हणून खुशीत होते. हे रागानं ठोकत होते की मजेत, ते मला आवाजावरून कळत नाही. चाळीस वेळा ऐकलंय, तरी कळत नाही. त्यांचा चेहरा कसा होता, ते बघितलेलं तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. तेवढं मला सांगा. बघितलाच नसेल तर तसं सांगा, मी काही बोलणार नाही. फक्त माझं मन राखायला म्हणून काही सांगू नका, तुम्हाला ते जमत नाही.

आक्कांचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमधली खताची पोती भिंतीकडं सरकवली, जागा झाडली, बॅटरीत पाणी घातलं आणि ट्रॅक्टरशेजारी तुमच्यासाठी एक खुर्ची नेऊन ठेवली.